घरी बकरी आहे का?

आज सकाळपासून डोकं फिरलंय. इथे लिहून मोकळी होते, नाहीतर दिवसभर घरातल्यांवर निघेल.

डोंबिवली स्टेशनबाहेर भाजी घ्यायला गेले होते. मुळे आले होते छान कोवळे, पाला ताठ, हिरवागार, देठ मोडला तर कट्कन आवाज यावा असा. दोन जुड्या उचलून दिल्या. मी पिशवी उघडेपर्यंत त्या पोराने मुळ्यांची मान पिरगाळली आणि पाला मागच्या ढिगाऱ्यात भिरकावला. विचारलं नाही, काही नाही. म्हटलं, "अरे, पाला का काढलास? दे तो इकडे." तर हसायला लागला. "काय करणार ताई? घरी बकरी आहे का?"

बाजूला उभ्या असलेल्या दोघीतिघीही हसल्या.

मला नाही हसू आलं. मी उभ्या उभ्या भायखळ्याच्या बाजारात जाऊन पोचले. साल १९८२.

माझे बाबा कापडगिरणीत होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दोनचार महिन्यांत सुटेल म्हणत होते सगळे. तुम्हाला माहीतच आहे काय झालं ते, संप सुटलाच नाही. लालबागला आमची दहा बाय दहाची खोली, माणसं सात, मी आठ वर्षांची. दिवाळीपर्यंत आईचं मंगळसूत्र गहाण पडलं होतं, वाण्याने उधारी बंद केली होती. मग संध्याकाळी आई मला बरोबर घेऊन भायखळ्यापर्यंत चालत जायला लागली. तिथे एका भाजीवाल्याकडे मुळ्याचा, फ्लॉवरचा, नवलकोलाचा छाटलेला पाला ढिगाने पडलेला असायचा. आई पदर डोक्यावरून ओढून घ्यायची आणि म्हणायची, "भाऊ, हा पाला नेऊ का? शेळीला हवाय."

आमच्याकडे शेळी नव्हती. दहा बाय दहात सात माणसं, शेळी कुठे बांधणार होतो?

त्या पाल्यावर आम्ही कितीतरी महिने जगलो. म्हणून ते "घरी बकरी आहे का" मला इतकं लागलं.

आता मुद्द्याचं बोलते. आपला शब्दच बघा, भाजीपाला. आपल्या लोकांनी पाल्याला भाजीच्या बरोबरीने बसवलं होतं. पालेभाजी, फळभाजी, शेंगभाजी, कंद, फूल असं झाडाचं अंग न् अंग ओळखून नावं ठेवली. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात भाजी नावाचा वेगळा वर्गच नाही. तिथे वांगं, भेंडी, टोमॅटो, काकडी, दुधी ही सगळी फळं. फ्लॉवर म्हणजे न उमललेला फुलोरा, बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेलं खोड, मुळा तर मूळच. भाजी ही आपण स्वयंपाकघरात ठरवलेली गोष्ट आहे. झाडाचा कुठला भाग शिजवायचा, कसा आणि कशाबरोबर, हे ज्यांना कळलं त्यांनी भाजी घडवली. आणि आता आपण काय करतो? भाजी घेतो, पाला टाकतो.

परवा एका मुंजीला गेले होते. ताटात तीन भाज्या. एक पनीरची, दुसरी पण पनीरची, तिसरी दम आलू. वर यजमान सांगतात, "सगळं व्हेज आहे हं, पोटभर जेवा." अहो, भाजी कुठंय यात? पनीर म्हणजे दूध. बटाटा पिष्ट पदार्थात जातो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खा म्हणते, त्यात बटाटा धरतच नाहीत. त्या अख्ख्या जेवणात कोथिंबिरीच्या चार पानांशिवाय हिरवं काही नव्हतं, आणि ती पानंसुद्धा लोकांनी वेचून ताटाच्या कडेला ठेवली.

बटाट्यावर माझा राग नाही. पोर्तुगीजांनी आणला, नावही त्यांचंच, आणि आज त्याच्याशिवाय आपला उपास होत नाही, वडापाव तर नाहीच नाही. मिरची, टोमॅटोही बाहेरूनच आले. तेव्हा "आपली परंपरा, आपली परंपरा" म्हणून छाती पिटण्यात अर्थ नाही, हे मान्य. पण नवीन आलं म्हणून घरचं फेकायचं हे कुणी शिकवलं?

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? त्याच बाजारापासून दहा मिनिटांवरच्या मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या डबीत मुळ्याची आठवडाभराची रोपं विकायला असतात. मायक्रोग्रीन्स. चिमूटभर पाला, दीडशे रुपये. ते लोक घेतात, फोटो काढतात, सॅलडवर भुरभुरवतात. आणि त्याच मुळ्याचा मोठा झालेला पाला गटाराशेजारी सडतो. ते केल घ्या, ती परदेशी पालेभाजी. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि केल ही सगळी वनस्पतीशास्त्रात एकाच जातीची भावंडं आहेत. फ्लॉवरच्या गड्ड्याला धरून असलेली कोवळी पानं बारीक चिरून परता, नवलकोलाचा पाला डाळीत घाला. केलसाठी डबीभर पैसे मोजणारी माणसं हेच दुकानदाराला "काढून टाका" म्हणून सांगतात.

शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीने मला त्या पाल्याचा भारा घेऊन चाळीत शिरताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मागे लागली, "तुमची शेळी दाखव ना." मी सांगितलं, गावाला पाठवली. तिचं नावसुद्धा सांगितलं, चंद्री. ती विचारत राहायची, चंद्रीला पिल्लं झाली का? आणि मी सांगत राहायचे. आठ वर्षांच्या मुलीला पाला खाण्याची एवढी लाज वाटावी असं काय होतं त्यात? चोरी होती का ती? तरी वाटायची. ती लाज आज त्या पोराच्या हसण्यात पुन्हा दिसली.

त्या पोराचाही दोष नाही म्हणा. विशीतला मुलगा, पहाटे उठून माल आणतो, दिवसभर उन्हात उभा राहतो. दहातल्या नऊ बायका त्याला पाला काढून द्यायला सांगतात, पिशवीत जागा अडते म्हणून. त्याने तरी काय शिकायचं?

आईची भाजी सांगते, कारण नुसतं चिडून उपयोग नाही. पाला तीन पाण्यांतून काढायची. पहिल्या पाण्यात माती खाली बसते, म्हणून पाणी ओतायचं नाही, पाला वरच्या वर उचलायचा. मग कोवळ्या देठांसकट बारीक चिरायचा. लोखंडी तव्यात थोडं तेल, मोहरी, ठेचलेल्या लसणाच्या चारपाच पाकळ्या, मिरची, हळद, आणि वर पाला. आता मी त्यात भिजवलेली मुगाची डाळ घालते, तेव्हा डाळ नसायची. आई मूठभर पीठ पेरायची, बेसन असलं तर बेसन, नाहीतर ज्वारीचं. आणि मीठ अगदी शेवटी. कच्चा पाला ढीगभर दिसतो, शिजला की ओंजळभर होतो. आधी मीठ घातलं की हात चुकतो आणि भाजी खारट. तेवढी चूक आम्हाला परवडणारी नव्हती, सात माणसांना ती एकच भाजी होती.

आईला जीवनसत्त्वं वगैरे काही माहीत नव्हतं. पण तेलात परतल्याशिवाय पालेभाजी करायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हिरव्या पानांमधलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. मिळालं तर ताटात लिंबाची फोड द्यायची. पाल्यातलं लोह शरीर सहज शोषत नाही, लिंबातल्या क जीवनसत्त्वाने ते जरा बरं शोषलं जातं. मुळ्यापेक्षा मुळ्याच्या पाल्यात कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं जास्त असतात. म्हणजे पैसे देऊन आपण नुसता मुळा आणतो आणि त्याहून जास्त कसाचा भाग फुकटात टाकून येतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमधल्या ५७ जणींना रक्तक्षय आहे, सरकारच्याच पाहणीतला आकडा आहे. एका पाल्याने तो जाईल असं मी म्हणत नाही. पण ताटातून हिरवं काढून टाकायचं आणि मग गोळ्यांची पाकिटं आणायची, हे कसलं शहाणपण?

आता कुणीतरी लिहीलच, ताई, पाल्यावर फवारणी असते. असते. रुळांच्या कडेला कसल्या पाण्यावर भाजी वाढते तेही आपण लोकलमधून रोज बघतो. ओळखीच्या माणसाकडून घ्या, नीट धुवा, अगदी बाहेरची पानं काढा. मुतखड्याचा त्रास किंवा रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून खा. झालं.

आणि वेळ. हो, वेळ नसतो. सकाळची लोकल गाठणाऱ्या बाईला मेथी निवडत बस असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मीही तीस वर्षं तीच लोकल पकडली. पण भाजी निवडायला बाईचेच हात लागतात असं कुठं लिहिलंय? आमच्याकडे हे काम ह्यांच्याकडे आहे. रात्री बातम्या लावतात आणि मांडीवर ताट घेऊन बसतात, अर्ध्या तासात दोन जुड्या होतात. पहिल्या वर्षी देठं जास्त ठेवायचे, आता माझ्यापेक्षा चांगलं निवडतात. "आमच्या ह्यांना जमत नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा ताट पुढ्यात ठेवून बघावं.

बाकी काय काय टाकतो आपण! दोडक्याच्या शिरा किसून तीळ-खोबरं घालून खमंग चटणी होते. अळूच्या देठांची दही घालून देठी होते. मटारच्या सालींची आतली पातळ कातडी ओढून काढली की गोडसर भाजी होते. फणसाच्या आठळ्या, पडवळाच्या बिया... आपल्या आज्यांना हे सगळं येत होतं. टंचाईने शिकवलं असेल. मग टंचाई गेल्यावर चवही गेली का?

घरी आले, पाला धुवून ठेवला आणि आईला फोन लावला. ती आता गावी असते, पाटणकडे, भावाजवळ. वय सत्त्याहत्तर. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते आज विचारलं, "आई, त्या भायखळ्याच्या भाजीवाल्याला खरंच वाटायचं का गं, आपल्याकडे शेळी आहे?"

"त्याला काय कळत नव्हतं व्हय? पयल्या आठवड्यातच कळलं आसंल."

"मग?"

"मग काय. 'वहिनी, शेळी बरी हाय न्हवं?' म्हणून इचारायचा. आन् पाल्याच्या भाऱ्यात चार मिरच्या खुपसायचा, कधी आल्याचा तुकडा, कधी लिंबू. शेळी काय मिरच्या खाती?"

मला काही बोलता येईना. पलीकडून तीच म्हणाली, "आज पाला केलायस व्हय?"

"करतेय."

"मीठ शेवटाला घाल."