तोंडातल्या दुखण्याला सरसकट मलम नको

तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्सची गोळी आणि ट्यूबमधलं मलम. जबड्याखाली सूज दिसली की अँटिबायोटिक. दुखणं कुठलंही असो, उपचार आधीच ठरलेला! मला याचा मनापासून राग येतो. कारण कधी दुखतं आणि किती दिवसांपासून आहे, एवढं नीट विचारलं तरी बऱ्याचदा निदानाची दिशा सापडते.

लाळेच्या खड्याचंच घ्या, म्हणजे लाळग्रंथीत किंवा तिच्या नळीत क्षार साठून होणाऱ्या खड्याचं. पहिला घास तोंडात गेला की जबड्याखाली एका बाजूला ताण येतो, गाठ फुगते, ठणकते आणि तासा-दोन तासांत ओसरते. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. जेवणाशी अशी वेळ जुळली की आधी खड्याचा संशय घ्यावा. साधारण ८० टक्के खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. तिची लाळ घट्ट, नळी लांब, आणि ती लाळ खालून वर चढून जिभेखाली यावी लागते. आरशासमोर जीभ टाळूला लावून पाहा. जिभेखालच्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे दिसतील, तिथे या नळ्या उघडतात. बाहेरून ग्रंथी हलकेच दाबली की तिथे स्वच्छ लाळ पाझरते. दुखऱ्या बाजूला काहीच येत नसेल तर नळी अडलेली असू शकते. पू आला तर जंतुसंसर्ग, आणि तेव्हा मात्र अँटिबायोटिक लागतंच. लहान खडा भरपूर पाणी, गरम शेक, आंबट गोळी चघळणं आणि ग्रंथीवर मागून पुढे हलकी मालिश, एवढ्यावरही निघून जातो. मोठा खडा दुर्बिणीने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढतात.

गालगुंड विषाणूमुळे होतात, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. त्यावर लस आहे, ती मुलांना वेळेवर द्या.

तोंड सतत कोरडं पडत असेल तर आधी आपल्या गोळ्या तपासून घ्या. अॅलर्जीची, नैराश्याची, रक्तदाबाची काही औषधं लाळ कमी करतात. (परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.) लाळ आटली की दात झपाट्याने किडतात. सोबत डोळेही कोरडे असतील तर शोग्रेन सिंड्रोमची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, त्या आजाराची) तपासणी व्हायला हवी.

आता सर्वात कळकळीचं. साधे छाले भयंकर झोंबतात, पण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप भरतात. वारंवार येत असतील तर लोह, फोलेट आणि बी-१२ तपासावं. टोकदार दात घासून जखम होत असेल तर मलम कितीही लावा, दात गुळगुळीत केल्याशिवाय ती भरणार नाही. पण तीन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कानापुढे हळूहळू वाढणारी गाठ, यांना घरी उपचार करत बसू नका. त्यातच चेहऱ्याची एक बाजू लुळी पडत असेल तर एक दिवसही थांबू नका. "दुखत तर नाही ना, मग राहू दे," हे वाक्य मला सर्वात घातक वाटतं. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

आणि तपासणीसाठी जखमेचा तुकडा काढला की आजार पसरतो, या भीतीने बायोप्सी टाळणाऱ्यांना कुणीतरी हात धरून सांगायला हवं: तोंडातल्या अशा जखमेचा तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. जागा बधिर करतात, इवलासा तुकडा घेतात, गरज पडली तर एखाद-दुसरा टाका घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात.