‘जब्र’ म्हणजे फक्त जुलूम? हाडवैद्याला विचारा

‘अल्जिब्रा हा शब्द अरबी जब्रवरून आला. जब्र म्हणजे जुलूम. जिंकलेल्या लोकांकडून सक्तीने कर उकळायचा हिशेब म्हणजे अल्जिब्रा, आणि तोही ब्रह्मगुप्ताची नक्कल!’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. फिरू दिला असता. पण नववीतल्या भाचीने तो शाळेच्या भाषणात जसाच्या तसा घातला, तेव्हा गप्प बसवेना.

जब्रचा एक अर्थ सक्ती आहे, हे खरं. ‘मजबूर’ त्याच धातूतला, आणि आजच्या अरबीतही ‘इजबारी’ म्हणजे सक्तीचं. पण तेवढ्यावर थांबायचं कशाला? एडवर्ड लेनचा एकोणिसाव्या शतकातला अरबी कोश उघडा. ज-ब-र या धातूखाली सुरुवातीलाच अर्थ दिलाय तो मोडलेलं हाड बसवण्याचा. मग गरिबाला पुन्हा सुस्थितीत आणणं. ‘जबीरा’ म्हणजे मोडक्या हाताला बांधायच्या कामट्या. ‘जब्र-ए-खातिर’ म्हणजे दुखावलेल्या मनाची समजूत घालणं. नमाजात दोन सजद्यांच्या मधे बसून ‘वज्बुर्नी’ म्हणतात, ते काय ‘माझ्यावर जुलूम कर’ असं मागणं असतं? माझी मोडतोड सांध, एवढंच ते मागणं. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणजे चक्क हाडवैद्य.

गणितात हा शब्द आला तोही याच अर्थाने. अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाने साधारण 820च्या सुमारास बगदादेत पुस्तक लिहिलं, त्याच्या नावात ‘अल-जब्र’ आणि ‘अल-मुकाबला’ (दोन्ही बाजूंचं सारखं ते काढून टाकणं) दोन्ही आहेत. अज्ञात राशीच्या वर्गाला तो ‘माल’ म्हणतो, अज्ञाताला ‘शय’, म्हणजे वस्तू. समजा, एक माल बरोबर चाळीस वस्तू वजा चार माल. उजवी बाजू चार मालांनी तुटकी आहे. ती भरून काढायची, तेवढेच डावीकडे मिळवायचे. झाले पाच माल बरोबर चाळीस वस्तू. हे भरून काढणं म्हणजे जब्र. यात कोणाच्या मानगुटीवर कोण बसलं?

करवसुलीचं म्हणाल, तर पुस्तक कशाला उपयोगी ते त्याने प्रस्तावनेत सांगितलंय: वारसा, वाटण्या, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खणणं. वारशाच्या वाटण्यांनी तर पुस्तकाचा भलामोठा भाग व्यापलाय.

त्या मजकुरात पुरावा म्हणून ‘जबरदस्त’ हा शब्दही जोडलाय. तो फारसी आहे, ज़बर म्हणजे वर आणि दस्त म्हणजे हात. मराठीत दोन्ही ‘ज’ एकाच अक्षरात लिहितो, म्हणून हा घोळ.

राहिली नक्कल. आकडे भारतातून गेले, यात वाद नाही. ख्वारिज्मीने भारतीय अंकगणितावर वेगळं पुस्तकच लिहिलं, आणि त्याच्या ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांचं नावही ‘सिंदहिंद’, म्हणजे आपल्या ‘सिद्धान्त’ शब्दाचं अरबी रूप, आहे. अभिमान बाळगायचा तर इथे बाळगा. पण ब्रह्मगुप्ताने 628मध्ये ऋण संख्यांचे नियम दिले होते, ऋण गुणिले ऋण धन हेसुद्धा. ख्वारिज्मीच्या समीकरणांत ऋण सहगुणक चालतच नाहीत, म्हणून तर त्याला समीकरणांचे सहा वेगळे प्रकार करून प्रत्येकाची वेगळी रीत द्यावी लागली. नक्कल करणाऱ्याने नेमका सगळ्यात कामाचा भाग गाळला आणि मग स्वतःच सहापट राबत बसला, असं म्हणायचंय का?