'ताजं बनवलेलं म्हणजे शुद्ध'? कंपाउंडिंग फार्मसीवाल्या त्या फॉरवर्डला उत्तर

इकडे अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, वजन कमी करायची इंजेक्शनं कंपाउंडिंग फार्मसीतून (म्हणजे कंपनीचं तयार औषध न देता स्वतः मिसळून बनवून देणाऱ्या फार्मसीतून) स्वस्तात मिळायला लागली तेव्हापासून तर जरा जास्तच. त्यात म्हटलंय की कंपनीच्या औषधात केमिकल ठासून भरलेलं असतं, उलट कंपाउंडिंगवाले तुमच्या एकट्यासाठी ताजं बनवतात, प्रिझर्वेटिव्ह नाही, एफडीएची (अमेरिकन सरकारच्या औषध-नियामक संस्थेची) मान्यता आहे, ग्लोव्ह घालून सगळं अल्कोहोलने पुसतात, वर टेस्टिंगही होतं, आणि शेवटी आपल्या लहानपणच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांची आठवण. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत स्टराइल (जंतुविरहित) रूममध्येच काम करते, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी काकांचं बघू. ते गुलाबी मिक्श्चर, बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी, सगळं कबूल, पण ते पोटात जायचं आणि चार जंतू असले तर पोटातलं ॲसिड बरंचसं निस्तरायचं. शिरेत, डोळ्यात, मणक्यात जाणाऱ्या औषधाला ही सोय नाही हो.

'प्रिझर्वेटिव्ह नाही म्हणून चांगलं'. मणक्याजवळ द्यायच्या इंजेक्शनात ते नकोच असतं, हे खरंय, पण मग बुरशीचा एक कण जरी आत गेला तरी त्याला अडवणारं काहीच उरत नाही. २०१२ मध्ये नेमकं हेच झालं. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने पाठदुखीवरच्या स्टेरॉइडच्या १७ हजारांवर बाटल्या देशभर पाठवल्या, प्रिझर्वेटिव्ह नसलेल्या, आणि त्यातून २० राज्यांत ७५३ लोक आजारी पडले, सीडीसीच्या (सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या) मोजणीत ६४ गेले. बऱ्याच जणांना बुरशीचा मेंदूज्वर. आणि 'तुमच्या एकट्यासाठी' म्हणाल तर तिथे प्रिस्क्रिप्शनवर मायकल जॅक्सनसारखी खोटी नावं टाकून घाऊक माल जात होता.

'एफडीएची मान्यता'. नसते. कंपाउंड केलेलं कुठलंच औषध एफडीए-अप्रूव्ह्ड नसतं, विषय संपला. २०१३ च्या कायद्याने ५०३बी नावाचा एक प्रकार आला, त्या फार्मस्यांना एफडीएकडे नोंदणी आणि कारखान्यासारखे नियम असतात, बाकीच्या ५०३ए वाल्यांवर (एकेका पेशंटच्या प्रिस्क्रिप्शनवर बनवणाऱ्या साध्या फार्मस्यांवर) मुख्यतः राज्याच्या बोर्डाचं लक्ष.

'ग्लोव्ह घातले, अल्कोहोल मारलं की झालं', हा मुद्दा वाचून तर मी कपाळाला हात लावला. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आम्ही दिवसभर मारतो, पण त्याने बुरशीचे आणि काही बॅक्टेरियांचे स्पोअर (टणक कवचातले सुप्त बीजाणू) मरत नाहीत, त्याला वेगळं स्पोअरिसायडल केमिकल लागतं आणि तेही लेबलवर लिहिलेली मिनिटं ओलं राहिलं तरच, फवारलं आणि लगेच पुसलं तर काय उपयोग. मेकप नाही, अंगठी नाही, खोटी नखं तर अजिबात नाही, कोपरापर्यंत ३० सेकंद हात धुवायचे, मग गाऊन, मग स्टराइल ग्लोव्ह, आणि त्या ग्लोव्हची बोटंसुद्धा अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर टेकवून काही उगवतंय का बघतात. एवढं करूनही हुडमध्ये (औषध बनवायच्या कपाटात) हेपा फिल्टरची (बारीक कण गाळलेली) हवा आणि सुईचं टोक यांच्यामध्ये तुमचा हात आला तर ती स्वच्छ हवा तुमच्या हातावरून औषधावर येते, नवीन मुलांचं हेच सगळ्यात जास्त चुकतं आणि बघणाऱ्याला काही कळतही नाही.

'टेस्टिंग होतं'. न्यू इंग्लंडवाल्यांकडेही होत होतंच की! क्लीनरूमच्या स्वतःच्याच सॅम्पलमध्ये जानेवारी ते सप्टेंबर बुरशी आणि बॅक्टेरिया सापडत होते, कोणी काही केलं नाही, एसी रात्री बंद असायचा आणि रिपोर्ट यायच्या आधीच बाटल्या निघायच्या. (स्टरिलिटी टेस्टला १४ दिवस लागतात, तेवढा दम कोणाला.) नंतर एफडीएने एका लॉटच्या ३२१ बाटल्या पाहिल्या तर ८३ मध्ये हिरवट-काळं काहीतरी तरंगताना नुसत्या डोळ्यांनी दिसलं, ५० उघडून तपासल्या तर ५० च्या ५० मध्ये जंतू.

'एवढी एकच केस दाखवता' असं कोणीतरी खाली लिहिणारच. २०११, अलाबामा, शिरेतून द्यायचं पोषणद्रव्य, १९ पेशंट आजारी, ९ मृत्यू, आणि पेशंटमध्ये मिळालेला सेरॅशिया नावाचा जंतूच औषध बनवणाऱ्या फार्मसीतल्या नळाच्या तोटीवर सापडला.

कंपाउंडिंग वाईट असं मी म्हणत नाही, ते बंद झालं तर गोळी गिळता न येणाऱ्या बाळाचं सिरप कोण बनवणार, रंगाची ॲलर्जी असलेल्याने काय घ्यायचं. पण इंजेक्शन मागवत असाल तर फोन करून विचारा की तुम्ही ५०३ए की ५०३बी, आणि एफडीएच्या साइटवर फार्मसीचं नाव टाकून बघा, बऱ्याच ठिकाणचे इन्स्पेक्शन रिपोर्ट फुकट वाचायला मिळतात. टोस्टर ओव्हनमध्ये स्टरलायझेशन आणि स्टराइल रूमजवळ पाळीव प्राण्याचं अंथरूण, हे दोन्ही इन्स्पेक्टरांना खरोखर सापडलेलं आहे.