आधी अक्षरं वाचा, मग पॉलिश पेपर हातात घ्या

आज एका जुन्या ट्रकचे रिस्टोरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो पाहिले, तेव्हापासून डोकं तापलंय. आधीच्या फोटोत दारावर कुठल्याशा फर्मचं हाताने रंगवलेलं नाव, पुसट पण वाचण्याजोगं. नंतरच्या फोटोत चकाचक लाल रंग, क्रोमचा बंपर, आणि नाव गायब! खाली वाहवाच वाहवा.

अरे, कशाची वाहवा? पुसून टाकलंत सगळं!

माझ्या मामाच्या ट्रकचं दार आम्ही ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासत होतो. निळ्याखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली आधी एक पिवळी वेलांटी दिसली, मग अख्खं नाव. मामाने माझा हात तिथेच धरला. हा ट्रक आधी कुणाकडे राबला हे कुठल्याही कागदावर नव्हतं. दारावर होतं.

लोक ट्रकला कारचे नियम लावतात, म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशीच करायला जातात, तिथेच सगळं बिघडतं. जुने ट्रक कारखान्यातून बहुतेक वेळा नुसती चॅसी, म्हणजे इंजिन आणि चाकांसकट खालचा सांगाडा, म्हणून निघायचे. केबिन आणि हौदा बॉडी बांधणारे कारागीर गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे बनवायचे, लाकडी सांगाडा करून त्यावर पत्रा ठोकून. त्याचं ना ड्रॉइंग उरलं, ना कॅटलॉग. ती बॉडीच काय तो पुरावा. मामाच्या ट्रकला मागे कमानपाट्यांत, म्हणजे ओझं पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगांत, जादा पानं (पट्ट्या) घातलेली होती. एक जाणकार म्हणाले, ओरिजिनल नाहीत, काढून टाका. का काढायची? त्या गाडीने किती ओझं ओढलं ते तीच पानं सांगतात ना!

गंजून चाळणी झालेला पत्रा कापावा लागतो, मान्य. ब्रेकमध्ये हयगय नको, तेही मान्य. ब्रेकमधले जुने ॲस्बेस्टॉसचे लायनर काढाच, फक्त ती घातक धूळ हवा मारून उडवू नका. पण दारावरच्या नावाने कुणाचे ब्रेक फेल होतात?

लंडनची बी-टाइप बस घ्या. 1910 मध्ये रस्त्यावर आलेली दुमजली बस. पहिल्या महायुद्धात अशा शेकडो बस सैनिकांना घेऊन आघाडीवर गेल्या. तिथल्या ट्रान्सपोर्ट म्युझियमने 2014 मध्ये एक बी-टाइप दुरुस्त केली. आधी तिला शहरातला लाल रंग दिला, आणि त्याच वर्षी खाकी रंगवून, खिडक्यांवर फळ्या ठोकून युद्धातलं रूप दिलं. गाडीचं कुठलं आयुष्य दाखवायचं, हा विचार आधी झाला. रंगाचा डबा नंतर उघडला.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या मालकाने पैसा ओतलाय, रात्री जागवल्या असतील. भंगारात कापला जाण्यापेक्षा चकचकीत ट्रक कधीही बरा. कार कुणीतरी हौसेने झाकून ठेवतं. ट्रक मोडेपर्यंत राबवतात आणि मग किलोवर विकतात. म्हणून तर वाचलेल्या प्रत्येकाबद्दल जीव तुटतो.

मामाने पुढे जे केलं ते कुणालाही जमेल. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढले. अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून ती उतरवून घेतली. दाराच्या आतल्या बाजूला एका कोपऱ्यात रंगाचे सगळे थर तसेच ठेवले. दुसरं दार सडलेलंच होतं, ते बदललं, पण जुनं फेकलं नाही.

तुमच्यापैकी कुणी असा ट्रक, टेम्पो, बस दुरुस्तीला काढत असाल तर एवढं तरी करा. आणि पेंटरला ‘सगळं साफ कर’ असं सांगून घरी निघून जाऊ नका. तिथे उभे राहा.