चाळीस मिनिटं लाईट गेली

आज दुपारी आमच्या सोसायटीत चाळीस मिनिटं लाईट गेली. पुण्यात. ग्रुपवर नुसता धुरळा. एसी बंद, मीटिंग अर्धवट, पाण्याचं काय. इथवर ठीक. मग एकाने लिहिलं, "शेतकऱ्यांना फुकट वीज वाटा आणि बिल भरणाऱ्यांचे हाल करा." खाली अकरा अंगठे.

डोकंच फिरलं माझं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं. हरभऱ्याच्या ओलितासाठी बाबा रात्री बाराला उठायचे, कारण थ्री फेज लाईन तेव्हाच यायची. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. भाग वाघाचा. मी एकदा हट्टाने सोबत गेलो होतो. मोटार सुरू झाली आणि बाबांनी बांधावरून लांबवर थर्मलच्या चिमण्यांचे लाल दिवे दाखवले. "तिथं बनते लाईट," म्हणाले. एवढंच. परत आलो तेव्हा आई उंबऱ्यातच बसलेली होती.

कोळशावर वीज बनवणारं २९२० मेगावॅटचं केंद्र आहे ते. १९९९ पासून चंद्रपूर ते पडघा अशी ७५२ किलोमीटरची लाईन आहे, मुंबईच्या वेशीपर्यंत वीज नेणारी. कोळसा तिकडचा, पाणी इरई धरणाचं, राखेचे ढीग तिकडेच. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित ठरवलं. आणि त्याच जिल्ह्यात माणूस वाघाच्या रानात मध्यरात्री मोटार सुरू करायला जातो. कुणाच्या वाट्याचा उजेड आहे हा?

हो, शेतीपंपांची थकबाकी आहे. आणि इथल्या कारखान्यामुळेच माझं घर चालतं, तेही खरं. कोळसा उद्या बंद करा असं मी म्हणतच नाही, थर्मलवर तिकडचीही हजारो घरं चालतात. पण कारखाने वाढवा, मॉल वाढवा, आणि धूर मात्र दुसऱ्याच्या छातीत, याला विकास कसं म्हणायचं? जिथे वीज बनते तिथल्या शेताला ती आधी, आणि दिवसा मिळाली पाहिजे. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. सूर्य तर आमच्याकडे त्याआधीही तळपत होता ना! चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला विचारा.

ग्रुपवर मोठं उत्तर लिहिलं आणि खोडून टाकलं. बाबांचं वय आठवलं, राग कुठल्या कुठे गेला. संध्याकाळी फोन केला. दुपारी लाईट गेली होती, एवढंच सांगितलं.

पलीकडून काळजीने विचारलं, "आता आली का रे बाबू? पोरं अंधारात तं नाही ना?"