पाळण्यातला दाढीवाला

आयर्लंडमधल्या मुलांसाठी निघणाऱ्या विनोदी, सचित्र साहसकथांकडे मोठी माणसं जरा नाक मुरडूनच बघतात. ‘निम्मी चित्रंच आहेत, वाचायला काय आहे त्यात?’ डब्लिन-कॉर्ककडच्या आपल्या मराठी आईबाबांचाही बहुतेक हाच सूर. मला विचाराल तर सात ते दहा वर्षांच्या मुलासाठी असं पुस्तक जमवणं हे गंभीर कादंबरीपेक्षा किचकट काम आहे. आणि ते फसतं तेव्हा बऱ्याचदा एकाच कारणाने फसतं. चित्राला गोष्टीत काही कामच दिलेलं नसतं, नुसतं शोभेला बसवलेलं असतं.

फिन मॅककूलची गोष्ट घ्या. तिथल्या पोरासोरांना ती पाठ असते. उत्तर आयर्लंडात अँट्रिमच्या किनाऱ्यावर जायंट्स कॉजवे आहे. लाव्हा थंड होताना तडकून तयार झालेले सुमारे ४०,००० दगडी खांब, त्यातले बरेचसे षट्कोनी. लोककथेत हा फिनने स्कॉटलंडपर्यंत बांधलेला रस्ता. पलीकडचा राक्षस बेनॅनडोनर त्यावरून भांडायला येतो, तो फिनपेक्षा दांडगा निघतो, तेव्हा फिनची बायको ऊना नवऱ्याला टोपडं-झबलं चढवून सरळ पाळण्यात झोपवते. बाळ एवढं तर बाप केवढा असेल, म्हणून बेनॅनडोनर धूम ठोकतो आणि जाता जाता रस्ता उखडून टाकतो. काही ठिकाणी ही गोष्ट सांगताना ऊना पाहुण्याला आत लोखंडी तवा भरलेली भाकरी वाढते. त्याचे दात पडतात, आणि ‘बाळ’ मात्र बिनतव्याची भाकरी मटामटा खातं.

आता हे पानांवर मांडायचंय. मजकुरात एवढंच येऊ द्या, ‘बाळ गाढ झोपलं होतं.’ दाढी, टोपड्याच्या ताणलेल्या नाड्या, पाळण्याबाहेर लोंबणारे केसाळ पाय, हे सगळं चित्राने सांगायचं. लेखकाने ‘दाढीवाला फिन पाळण्यात मावेना’ असं लिहून टाकलं की विनोद तिथेच मेला, चित्राला मग तेच परत सांगत बसावं लागतं. मुलाला खरी मजा येते ती मजकूर थापा मारतोय आणि आपण त्याला पकडलंय यात. वाचायला अडखळणारं पोरही इथे हुशार वाचणाऱ्याच्या बरोबरीला येतं, कारण पुरावा चित्रात आहे.

पान उलटण्याचंही तंत्र आहे. दारावरची थाप उजव्या पानाच्या तळाशी ठेवायची आणि राक्षस पान उलटल्यावर डावीकडे. हे सगळ्यांना माहीत असतं, पण इथे छपाई दगा देते. या पुस्तकांना फुगीर, खरबरीत कागद वापरतात, कमी पानांत पुस्तक जाडजूड दिसतं म्हणून. थाप आणि राक्षस एकाच कागदाच्या दोन बाजूंना येतात. चित्रकाराने राक्षस भरगच्च काळा रंगवला असेल तर तो पाठीमागून झिरपल्यासारखा दिसतो, आणि दार उघडायच्या आधीच मुलाला कळतं की बाहेर कोण उभं आहे. त्याला उपाय म्हणजे भरीव काळ्याऐवजी रेघांची छाया, किंवा ७० जीएसएमऐवजी (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) ९०च्या आसपासचा कागद. नाहीतर पुढच्या बाजूला नेमक्या त्याच जागी दुसरं चित्र टाकून मागचं झाकायचं. फुकटात होतो तो हाच शेवटचा उपाय, आणि नेमका तोच कुणाला सुचत नाही. करड्या छटांचंही असंच. अशा कागदात शाई पसरते, त्यामुळे ७५-८० टक्क्यांच्या वरची छटा काळीठिक्कर होऊन बसते, आणि खरबरीतपणामुळे अगदी फिकी छटा जवळजवळ उडते. शिवाय चिकटवलेल्या बांधणीत आतल्या बाजूचे ८-१० मिलिमीटर दिसतच नाहीत, म्हणून दोन पानांवर पसरलेल्या चित्रात कुणाचं नाक मध्यावर आणू नये.

हिशोबही आधी करावा लागतो. पानं साधारण १६ च्या पटीत जातात. १२८ पानांचं पुस्तक धरलं तर सुरुवातीची-शेवटची सोडून हाताशी १२० उरतात. १३ पॉइंटच्या अक्षरात भरलेल्या पानावर १८०च्या आसपास शब्द बसतात. एक तृतीयांश जागा चित्रांना दिली तर मजकुराला ८० पानं, म्हणजे जेमतेम १४,४०० शब्द. लेखक २२,००० घेऊन आला की कात्री चित्रांवर चालते, अक्षर बारीक होतं, आणि सात वर्षांचं मूल तिसऱ्या पानावर पुस्तक खाली ठेवतं. म्हणून कच्चा खर्डा झाल्या झाल्या अंगठ्याएवढ्या चौकटींत सगळं पुस्तक रेखाटून बघायचं, चित्र जे सांगतंय ते मजकुरातून उडवायचं, आणि मगच भाषेवर हात फिरवायचा. गोष्ट पक्की करून चित्रकाराला ‘प्रकरणामागे एक चित्र’ अशी यादी पाठवली की पुढचं सगळं ठरलेलंच.

आता आयरिशपणाकडे येऊ, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. पर्यटकांच्या दुकानात मिळतं ते हिरव्या टोपीचं लेप्रकॉन (आयरिश लोककथेतलं बुटकं भूत), इंद्रधनुष्य, सोन्याचा हंडा आणि पानोपानी शॅमरॉक, म्हणजे तीन पानांचं हिरवं चिन्ह. ती पुस्तकं आयर्लंडच्या मुलांसाठी नसतातच, परत जाणाऱ्या आत्याच्या बॅगेसाठी असतात. (लोककथेतलं लेप्रकॉन बहुतेकदा चांभार असतं, एकट्याने बूट ठोकत बसणारं, खडूस आणि पक्कं बेरकी. त्याच्यावर किती धमाल लिहिता येईल!) तिथल्या मुलाला तिथलं खरंखुरं रोजचं जग हवं असतं, आणि ते चुकलं की ते लगेच पकडतं.

हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचंच बघा. काठी अ‍ॅश लाकडाची, टोकाशी चपटी आणि रुंद. बाहेरचा चित्रकार हमखास हॉकी स्टिक काढतो. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन. फळ्यावर २-११ आणि १-१४ (आधी गोल, मग गुण) असं दिसलं तर सामना बरोबरीत आहे, दोघांचे सतरा. हे लेखकाला नीट कळलं तर शेवटच्या मिनिटाचा सगळा ताण त्या फळ्यावर उभा करता येतो, नाही कळलं तर दहा वर्षांची पोरगी पुस्तकात पेन्सिलने चूक दुरुस्त करून ठेवते. हेल्मेट सक्तीचं आहे, जाळीसकट, आणि चित्रकाराची खरी गोची इथे होते. विनोदी पुस्तकाचा सगळा जीव चेहऱ्यांत, आणि पंधराच्या पंधरा चेहरे जाळीआड. मुरलेला चित्रकार मग गुडघे, खांदे आणि काठी धरायची तऱ्हा यांच्याकडून अभिनय करून घेतो. सोपी पळवाट म्हणजे हेल्मेट काढून टाकणं. तसं करू नका, शाळेतले प्रशिक्षक पुस्तक वर्गात येऊ देणार नाहीत.

सीमेचंही तसंच. दक्षिणेत आयर्लंड प्रजासत्ताक, उत्तरेत ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड. दक्षिणेत २००५ पासून वेगमर्यादा किलोमीटरमध्ये, उत्तरेत मैलांत. दक्षिणेत टपालपेट्या हिरव्या, उत्तरेत लाल. शिवाय दक्षिणेत काही जुन्या ब्रिटिश पेट्या राजचिन्हासकट नुसत्या हिरव्या रंगवलेल्या. पाठलाग चाललाय, चोर उत्तरेत शिरतो, १०० ऐवजी ६० ची पाटी बघून घाबरून ब्रेक दाबतो, मागच्या पोरांना मात्र ठाऊक आहे की ६० मैल म्हणजे जवळजवळ तेवढाच वेग. हा विनोद दुसऱ्या फारशा देशांत उचलून नेता येणार नाही. ठिकाण गोष्टीत कामाला लावणं म्हणतात ते हेच. इतिहासही तयारच बसलाय. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्ल्यू बे या उपसागराची दर्यावर्दी सरदारीण ग्रॉन्या वेल १५९३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीला भेटली हे खरं. तिने राणीने दिलेल्या रुमालात नाक शिंकरून तो शेकोटीत फेकला ही दंतकथा, पण मुलांना पुस्तकात हवी ती दंतकथाच.

चित्रकाराला मान देण्याच्या बाबतीत तो देश मात्र शहाणा आहे. बालसाहित्याचं लॉरिएट हे पद त्यांनी २०१० मध्ये सुरू केलं, आणि पहिल्या चारांतले दोघे, निआव शार्की आणि पी. जे. लिंच, चित्रकार आहेत.

तिकडे राहणाऱ्या मराठी घरांसाठी थोडं कामाचं. सार्वजनिक ग्रंथालयाचं सदस्यत्व फुकट आहे आणि २०१९ पासून उशिराचा दंडही नाही, तेव्हा विकत घेण्याआधी आठ-दहा घरी आणून टाका. मधलंच कुठलंही चित्र उघडा आणि मजकूर हाताने झाका. चित्रातून कळलेलंच सगळं मजकुरात परत लिहिलेलं असेल तर ते पुस्तक परत ठेवा.

शाळेतल्या आयरिश भाषेसाठीही याच प्रकारची पुस्तकं सगळ्यात उपयोगी, आणि पालक नेमकी तिथेच चूक करतात. दहा वर्षांच्या मुलाचं आयरिश वाचन बहुधा सहा-सात वर्षांच्या पातळीचं असतं. त्या पातळीचं पुस्तक दिलं तर ससे-कोकरं बघून त्याला लाज वाटते, वयाचं दिलं तर झेपत नाही. चित्रांवर चालणारी साहसकथा या दोन्हींच्या मधोमध बसते. वाक्यं सोपी, पण भानगडी मोठ्या मुलांच्या. गॉलवेजवळच्या स्पिडलमधली फुटा फाटा ही प्रकाशनसंस्था मुलांसाठी आयरिशमध्ये पुस्तकं काढते, शोध तिथून सुरू करा. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू देऊ नका. आधी नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जायचं, गोष्ट काय असेल ते मुलाने मराठीत सांगायचं, आणि मग पहिल्या पानापासून वाचायला बसायचं.