आत्या, अपसूर्यानं सर्दी होत नसते

जुलै लागला की आमच्या परभणीत पावसाचा पत्ता नसला तरी तो मेसेज बरोब्बर येतो. मजकूर दरवर्षी साधारण हाच: उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांपासून अल्फेलियन सुरू होतंय, पृथ्वी सूर्यापासून लई लांब जाणार, एरवीचं अंतर ५ प्रकाश मिनिटं म्हणजे ९ कोटी किलोमीटर, ते आता १५ कोटी २० लाख होणार, म्हणजे ६६ टक्के जास्त, हे डोळ्यांना दिसणार नाही पण परिणाम जाणवेल, ऑगस्टपर्यंत गारठा, सर्दी-खोकला, अंगदुखी, सगळ्यांना कळवा. यंदा आत्यानं पाठवला आणि खाली विचारलं, "तू दुर्बीण घेऊन गावोगाव फिरतोस ना, खरंय का रे हे?" तर आत्या, सावकाश वाच.

आधी नाव. अल्फेलियन नाही, अफेलियन. मराठीत अपसूर्य. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे त्यामुळं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात लांब, हे दरवर्षीचंच आहे. २०२५ ला आपल्या घड्याळानं ४ जुलैच्या रात्री दीडच्या सुमारास झालं, आपण सगळे झोपेत होतो. तो एक क्षण असतो, ऑगस्टपर्यंत चालायला तो काय अधिक महिना आहे?

आता आकडे. यातली गंमत अशी की १५ कोटी २० लाख हा आकडा बरोबर आहे, म्हणूनच माणूस फसतो. खोटा आहे तो ९ कोटीवाला. सगळ्यात जवळ असतानाही अंतर १४ कोटी ७१ लाख असतं. म्हणजे फरक ५० लाखांचा, सव्वातीन-साडेतीन टक्के. प्रकाशाला यायला साधारण ८ मिनिटं २० सेकंद लागतात, ५ नाही. आणि बनवणाऱ्यानं हिशोब तरी नीट करावा की राव, ९ वरून १५.२ म्हणजे ६९ टक्के होतात.

पण आकडे सोड, शुक्राची चांदणी तर तुला माहितीये. आजोबा शेतावर असताना पहाटे तिच्यावरून वेळ सांगायचे म्हणतेस. तिला कधी रात्री बारा वाजता डोक्यावर पाहिलीस का? नाही, कारण ती सूर्यापासून ४८ अंशांपलीकडं जातच नाही, एकतर सांजेला पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. हे असं का, तर शुक्र सूर्यापासून १०.८ कोटी किलोमीटरवर फिरतो आणि आपण त्याच्या बाहेर आहोत. आपण ९ कोटीवर असतो तर शुक्राच्या आत आलो असतो आणि मग चांदणी मध्यरात्री माथ्यावर दिसली असती. मागं एका जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीच्या पोरीनं हे मला फळ्यावर गोल काढून सांगितलं, मी फक्त खडू दिला.

"दिसणार नाही पण जाणवेल" हे तर साफ उलटं आहे. दिसतं, आणि जाणवत नाही. आमच्या मंडळाची जुनी ८० मिलिमीटरची दुर्बीण आहे, तिच्या आयपीसमागं, म्हणजे एरवी डोळा लावतो त्या भिंगामागं, लोखंडी पट्टीवर पांढरा पुठ्ठा पक्का बसवलाय आणि सूर्य त्याच्यावर पाडतो. डोळा लावायचा नाही, कुणीच, कधीच. फाइंडरलापण, म्हणजे नेम धरायला वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीलापण, टोपी घालायची, एकदा ती राहिली आन् एका पोराच्या नव्या शर्टाला भोक पडलं, त्याच्या आईनं मला अजून माफ केलेलं नाही. तर जानेवारीत ३ तारखेला पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं सूर्याच्या दोन्ही कडा टिपल्या. पटकन टिपाव्या लागतात, प्रतिमा दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढी सरकते. भरली साडेपंधरा सेंटिमीटर. जुलैत ढगांनी दहा दिवस छळलं, मग एका दुपारी दहा मिनिटं उघडीप मिळाली, तोच पुठ्ठा, तेच अंतर, आणि सूर्य भरला पंधरा. अर्धा सेंटिमीटर, बस्स. मेसेज खरा असता तर जानेवारीतला सूर्य पंचवीस सेंटिमीटरचा पडला असता, ए-फोर कागदावर मावलाच नसता, त्याची रुंदीच २१ आहे.

आता गारठा. आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो तेव्हाच परभणीत शेकोट्या पेटतात, लाट आली की कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. अंतरानं थंडी ठरत असती तर जानेवारीत रसवंत्यांवर गर्दी झाली असती. ठरतं ते पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यानं. जानेवारीच्या सुरुवातीला दुपारी सूर्य आपल्याकडं ४८ अंशांपर्यंतच चढतो, दिवस जेमतेम अकरा तासांचा. ४ जुलैला तो जवळपास माथ्यावर, उलट थोडा उत्तरेलाच, म्हणजे दुपारची सावली दक्षिणेकडं पडते, आणि दिवस तेरा तासांच्या वर. परभणीचा दुसरा शून्य सावलीचा दिवस तर २६ जुलैच्या आसपासच येतो, म्हणजे ज्या काळात सूर्य लांब गेलाय म्हणून गोधडी काढायला सांगतायत त्याच काळात तो बरोब्बर डोक्यावर असतो. ढग असतील तर दिसत नाही ही गोष्ट वेगळी. जुलैत जरा गार वाटतं ते ढगांनी आणि पावसानं. त्याच जुलैत ऑस्ट्रेलियात हिवाळा असतो, त्यांचं सूर्यापासूनचं अंतर काय वेगळं आहे का?

लांब असल्याचा एक परिणाम मात्र खराच होतो. लांब असताना पृथ्वी जरा हळू चालते. २० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे असतात, त्यांच्यामधे पृथ्वीची सूर्याभोवती अर्धी फेरी होते. भिंतीवरचं कॅलेंडर घे, २० मार्च ते २२ सप्टेंबर दिवस मोज, लांबच्या अर्ध्या फेरीचे १८६ भरतील. तिथून परत २० मार्चपर्यंत, जवळच्या अर्ध्या फेरीचे, १७९.

आणि सर्दी-खोकला पावसाळ्यात होतोच, तो विषाणूंनी होतो, आत्या, सूर्यानं नाही. सुंठीचा काढा तू एरवीही करतेसच, तो कर. मला पण ठेव, रविवारी येतोय, पुठ्ठा घेऊन येतो.